डॉ. वॉल्टन लिलेहाय आणि ओपन हार्ट सर्जरीची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलायला उभं राहिलं की पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण करणारे ख्रिस्तियन बर्नार्ड यांचं नाव श्रोतेच आधी सांगतात. बर्नार्ड ज्यांच्याकडे शिकले त्या माणसाचं नाव मात्र सहसा कुणाला माहीत नसतं. व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी त्यांच्याबद्दल तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. हा इतिहास आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे. तब्येतीचं काही असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

हे लिलेहाय कोण?

क्लॅरेन्स वॉल्टन लिलेहाय. जन्म २३ ऑक्टोबर १९१८, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस इथे. घराणं मूळचं नॉर्वेचं, वडील दंतवैद्य. शिक्षण मिनेसोटा विद्यापीठात झालं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून ते उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या आघाड्यांवर होते. ब्राँझ स्टार हे लष्करी पदक घेऊन परतले ते त्याच विद्यापीठात, ओवेन वँगेनस्टीन यांच्या शस्त्रक्रिया विभागात.

हे वँगेनस्टीन लक्षात ठेवा, पुढे लागतील. होतकरू सर्जनने नुसतं ऑपरेशन थिएटरमध्ये हात साफ करून भागत नाही, त्याने प्रयोगशाळेत काही वर्षं काढलीच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे त्यांच्या विभागात कुत्र्यांवरचे प्रयोग हा अभ्यासाचाच भाग होता. लिलेहाय यांनीही तिथेच पीएचडी केली.

त्याआधी हृदयाची ऑपरेशनं होत नव्हती का?

होत होती, पण हृदयाच्या बाहेरून, किंवा आंधळेपणाने. १९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक, हेलन टॉसिग आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस यांनी 'निळ्या बाळां'साठी, म्हणजे जन्मजात हृदयदोषामुळे अंग निळं पडणाऱ्या बाळांसाठी, शंट (रक्ताला दुसरी वाट देणारी जोडणी) बसवायची शस्त्रक्रिया सुरू केली, पण ती हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्यांवर होती. आकसलेली झडप बोट आत घालून, चाचपडत मोकळी करत. हृदय उघडून, आत बघून, टाका घालणं मात्र जमत नव्हतं.

अडचण एकच होती. हृदय उघडायचं तर आत येणारं रक्त अडवावं लागतं, आणि रक्त अडवलं की सुमारे चार मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. चार मिनिटांत कुणाचा हात कितीही चालला तरी किती चालणार?

एक वाट थंडीची होती. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटातच एफ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचं शरीर २८ अंश सेल्सियसपर्यंत गार करून तिच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र शिवलं. लिलेहाय तेव्हा मदतीला होते. मुलगी वाचली. तिला पुन्हा ऊब द्यायला शेतावर जनावरांना पाणी पाजायची टाकी वापरली होती. हे सांगितलं की लोक हसतात, पण या सगळ्या गोष्टीत अशी शेतावरची, डेअरीतली, कारखान्यातली सामग्री सारखी भेटत राहते. गार केल्यामुळे मिनिटं वाढली ती थोडीच. सोपं छिद्र शिवून व्हायचं, गुंतागुंतीचं नाही.

'हृदयाला भोक' म्हणतात ते हेच का?

हो. हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असलं तर एएसडी, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असलं तर व्हीएसडी. खालचं छिद्र मोठं असलं तर डाव्या बाजूचं शुद्ध रक्त जोराने उजवीकडे शिरतं आणि फुप्फुसांवर भार पडतो. बाळाला दूध पिताना धाप लागते, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. छोटी छिद्रं कित्येकदा आपोआप बुजतात, म्हणून प्रत्येक मुलाला ऑपरेशन लागतंच असं नाही. आपल्याकडे अंगणवाडी आणि शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते, त्यात जन्मजात हृदयदोषही बघतात. १९५४ पूर्वी मात्र व्हीएसडी सापडला काय आणि न सापडला काय, करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

गिबन यांचं हार्ट-लंग मशीन १९५३ मध्येच आलं होतं. मग श्रेय लिलेहायना का?

वाद घालायला छान प्रश्न आहे. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात, हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या, स्वतः विकसित केलेल्या यंत्राच्या आधारे अठरा वर्षांच्या तरुणीचं हृदय उघडून छिद्र बुजवलं. हा पहिला मान त्यांचाच, त्यात शंका नको. पण त्यांचे पुढचे रुग्ण वाचले नाहीत आणि गिबन यांनी खचून हे काम थांबवलं. वीस वर्षं एका यंत्रामागे घालवलेला माणूस होता तो. त्याला दोष देणं मला जमत नाही.

त्यानंतर हवा अशी झाली की आजारी हृदय असा ताण सोसूच शकत नाही, यंत्र कितीही चांगलं असलं तरी. लिलेहाय यांचं श्रेय असं की त्यांनी ही समजूत खोटी ठरवली, तीही यंत्राशिवाय.

वडिलांचं हृदय मुलासाठी वापरलं, हे खरं का?

खरं आहे. याला 'क्रॉस सर्क्युलेशन' म्हणतात, आणि या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे.

सुरुवात प्रयोगशाळेत झाली. इंग्लंडमधल्या दोन संशोधकांना दिसलं होतं की कुत्र्याच्या हृदयाकडे येणाऱ्या दोन्ही मोठ्या शिरा बांधल्या आणि फक्त ॲझायगस नावाची एक बारीक शीर मोकळी ठेवली, तरी कुत्रा बराच वेळ तग धरतो. त्या शिरेतून येणारं रक्त नेहमीच्या जेमतेम एक दशांश असतं. लिलेहाय यांचे सहकारी मॉर्ले कोहेन आणि हर्बर्ट वॉर्डन यांनी याचा पाठपुरावा केला. शरीराला काही मिनिटांसाठी पूर्ण प्रवाहाची गरजच नाही, हे एकदा कळल्यावर प्रश्न निम्म्याहून सोपा झाला. मिनिटाला कित्येक लिटर रक्त शुद्ध करणारं अगडबंब यंत्र कशाला? थोडंसं रक्त शुद्ध करून देणारं काहीतरी पुरे. आणि असं 'काहीतरी' प्रत्येक निरोगी माणसाच्या छातीत असतंच. आईच्या पोटातलं बाळही आईच्याच फुप्फुसांवर जगत असतं.

मग रचना अशी ठरली. ऑपरेशन थिएटरमध्ये दोन टेबलं. एकावर मूल, दुसऱ्यावर बाप किंवा आई, दोघांनाही भूल. मुलाचं अशुद्ध रक्त नळीने मोठ्या माणसाच्या जांघेतल्या शिरेत जायचं, तिथून त्याच्या हृदयात, फुप्फुसांत, आणि शुद्ध होऊन जांघेतल्या धमनीतून मुलाकडे परत यायचं. मधे एक पंप. दोन्ही बाजूंचा प्रवाह अगदी सारखा राखायचा, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्यात साठत जाणार. तो पंपही डेअरी आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत चालणारा होता.

२६ मार्च १९५४ रोजी साधारण वर्षभराच्या एका मुलावर हा पहिला प्रयोग झाला. दाता त्याचा बाप. वीसेक मिनिटं मुलाचं हृदय बापाच्या हृदयाच्या भरवशावर उघडं होतं. व्हीएसडी डोळ्यांनी दिसला आणि शिवला गेला.

तो मुलगा वाचला का?

ऑपरेशनमधून वाचला, पण अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला.

इथे बहुतेक जण थांबले असते. लिलेहाय पुढच्याच महिन्यात पुन्हा थिएटरमध्ये होते, आणि पुढची मुलं घरी गेली. जुलै १९५५ पर्यंत या पद्धतीने ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. त्यातली २८ मुलं बरी होऊन घरी गेली आणि २२ जण तीस वर्षांनंतरही हयात होते. ज्या दोषांवर उपायच नव्हता त्यांच्यासाठी हा आकडा अचाट आहे. उरलेल्या सतरा घरांचं काय, हेही त्याच आकड्यात आहे. लिलेहाय यांना निव्वळ नायक करणारे लेख वाचताना ते सतरा जण मला आठवत राहतात.

निरोगी माणसाला टेबलावर झोपवणं योग्य होतं का?

तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला. ज्यात २०० टक्के मृत्यूची शक्यता आहे असं हे पहिलंच ऑपरेशन, असा टोमणा त्या काळी प्रसिद्ध होता. विद्यापीठातल्या मेडिसिन विभागातूनही जोरदार विरोध झाला. वँगेनस्टीन पाठीशी उभे राहिले म्हणून ते ऑपरेशन झालं.

४५ दात्यांपैकी एकही दगावला नाही. पण एका आईच्या रक्तात हवा शिरली आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. 'एकही दाता दगावला नाही' हे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, ही दुसरी ओळ त्याच्यासोबत दर वेळी असतेच असं नाही.

आजच्या नियमांत हे बसलं असतं का? माझ्या मते नाही. तेव्हा आजच्यासारख्या नैतिकता समित्या नव्हत्या. विभागप्रमुखाचा होकार आणि आईबापांची संमती यावर काम चालायचं. तरी एक सांगतो: ज्या आईबापांना मूल काही महिन्यांचंच सोबती आहे असं सांगितलं गेलं होतं, त्यांना टेबलावर झोपायला कुणी गळ घालावी लागली नसेल. यकृताचा तुकडा मुलाला देणाऱ्या आया आजही असतातच की.

रक्तगट जुळला नाही तर?

तर अनोळखी माणूस शोधायचा. ३१ ऑगस्ट १९५४ रोजी दहा वर्षांच्या एका मुलावर फॅलोज टेट्रालॉजीची, म्हणजे 'निळ्या बाळां'च्या चार दोषांच्या आजाराची, जगातली पहिली पूर्ण दुरुस्ती झाली. मुलाचा रक्तगट एबी निगेटिव्ह, फार दुर्मीळ. रक्तदात्यांच्या यादीतून रस्ते विभागातला एक कामगार मिळाला. ना नात्याचा ना गोत्याचा. तो तयार झाला आणि मुलगा वाचला. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आदर कुणाबद्दल वाटत असेल तर या माणसाबद्दल.

मग ही पद्धत बंद का झाली?

स्वस्त यंत्र मिळालं म्हणून. लिलेहाय यांच्याकडे रिचर्ड डीवॉल नावाचा एक तरुण जनरल प्रॅक्टिशनर काम मागायला आला होता. त्याला त्यांनी रक्तात ऑक्सिजन मिसळण्याची साधी युक्ती शोधायला सांगितली, आणि बजावलं की ग्रंथालयात जाऊन जुने शोधनिबंध वाचत बसू नकोस, त्यांच्यासारखाच विचार करायला लागशील. (आपल्या विद्यापीठांत गाइडने असं सांगितलं तर काय होईल, याची कल्पना करून बघा.)

सरळ उपाय म्हणजे रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. पण एक बुडबुडा जरी मेंदूत गेला तरी घात, म्हणून सगळ्या जाणत्यांनी तो मार्ग बाद ठरवला होता. डीवॉल यांनी उभ्या नळीत बुडबुडे सोडले, वर फेस मारणारं सिलिकोन लावलेल्या भागातून रक्त नेलं, आणि मग ते नागमोडी गुंडाळलेल्या नळीतून सावकाश खाली उतरवलं. बुडबुडे असलेलं रक्त हलकं, ते वर राहतं. बिनबुडबुड्यांचं जड, ते तळाशी येतं. बस, एवढंच. नळी होती मेयोनेज कारखान्यात वापरतात तसल्या प्लॅस्टिकची.

१३ मे १९५५ रोजी हे यंत्र पहिल्यांदा रुग्णावर वापरलं. दीडशे किलोमीटरच्या आत, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये, जॉन कर्कलिन यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये गिबन यांचं यंत्र सुधारून काम सुरू केलं होतं. काही काळ जगात नियमित ओपन हार्ट सर्जरी या दोनच गावांत होत होती. कर्कलिन यांचं यंत्र अचूक, देखणं आणि महागडं. डीवॉल-लिलेहाय यांचं यंत्र बघून कुणी प्रभावित झालं नसतं, पण ते कुठल्याही गावातल्या रुग्णालयाला परवडण्याजोगं होतं, आणि हे शास्त्र जगभर पसरलं त्यात या स्वस्ताईचा वाटा मोठा आहे.

पेसमेकरशी त्यांचा काय संबंध?

व्हीएसडी शिवताना टाका कधीकधी हृदयाच्या विद्युतवाहक तंतूंच्या गठ्ठ्यात जायचा. हृदय उत्तम शिवलेलं, पण ठोके मिनिटाला तीस-चाळीसवर यायचे आणि मूल जायचं. एका चर्चेत विद्यापीठातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सुचवलं की प्रयोगशाळेतला विजेचा स्टिम्युलेटर लावून बघा. ३० जानेवारी १९५७ रोजी एका मुलाच्या हृदयाच्या स्नायूत बारीक तार टोचून, दुसरं टोक छातीबाहेर काढून, त्यातून सौम्य ठोके दिले गेले. जखम भरली आणि हृदय आपलं आपण चालू लागलं की तार ओढून काढायची.

फक्त ते उपकरण भिंतीतल्या प्लगवर चालायचं. मूल वायरच्या लांबीइतकंच फिरू शकायचं. एक्स-रेला न्यायचं तर मजल्याभर वायरी. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनिआपोलिसमध्ये काही तास वीज गेली. आपल्याला भारनियमनाची सवय आहे. ज्याचं हृदयच प्लगला जोडलेलं आहे त्याच्या आईची अवस्था मनात आणा.

रुग्णालयातली उपकरणं दुरुस्त करायला अर्ल बाकेन नावाचे इंजिनिअर यायचे. १९४९ मध्ये त्यांनी मेव्हण्यासोबत एका गॅरेजमध्ये मेडट्रॉनिक ही छोटी कंपनी काढली होती. लिलेहाय यांनी त्यांना बॅटरीवरचं काहीतरी करायला सांगितलं. बाकेन यांना एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं, म्हणजे गाण्याच्या रियाजाला ठेका देणाऱ्या यंत्राचं, ट्रान्झिस्टर सर्किट आठवलं. ठेकाच तर द्यायचा होता! चार आठवड्यांत तळहाताएवढी डबी तयार झाली. कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी बाकेन रुग्णालयात गेले तर ती डबी एका मुलाच्या अंगावर लावलेली. मूल हातात असताना चांगलं उपकरण कपाटात कशाला ठेवायचं, हा लिलेहाय यांचा हिशोब.

पेसमेकर एकट्याने कुणी शोधला नाही. बॉस्टनचे पॉल झोल आधी होते आणि शरीरात पूर्ण बसणारा पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये बसवला गेला.

बायपास सर्जरी त्यांनीच शोधली ना?

नाही. आपण बोलताना 'बायपास झाली' म्हणतो ती कोरोनरी बायपास. ती रूढ केली रेने फावालोरो यांनी, १९६७ पासून क्लीव्हलँडमध्ये. गोंधळ होतो कारण हार्ट-लंग मशीनवर रक्त वळवण्यालाही बायपासच म्हणतात.

त्यांना स्वतःला कर्करोग होता म्हणतात?

हो, आणि तो या सगळ्याच्या आधी. १९५० मध्ये, एकतिसाव्या वर्षी, कानाजवळच्या गाठीत लिम्फोसार्कोमा निघाला. वँगेनस्टीन यांनीच तासन् तास चाललेलं मोठं ऑपरेशन केलं, वर रेडिएशन. फोटोंत त्यांची मान आणि चेहऱ्याची एक बाजू वेगळी दिसते ती त्यामुळे. मरण जवळून बघितल्याने ते धाडसी झाले, असं लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. असेलही. मला त्यापेक्षा वँगेनस्टीन यांच्या प्रयोगशाळेचं पारडं जड वाटतं.

बर्नार्ड खरंच त्यांचे विद्यार्थी?

दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस्तियन बर्नार्ड १९५६ ते १९५८ मिनेसोटात होते, आणि परतताना सोबत हार्ट-लंग मशीनही मिळालं. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे, ज्यांनी हृदयप्रत्यारोपणाचं खरं शास्त्र घडवलं, तेही मिनेसोटात तयार झालेले. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण केलं. अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं केलं. रुग्ण काही तासच जगला. परळची ती रात्र हा स्वतंत्र पानाचा विषय आहे.

ते तुरुंगात गेले होते का?

नाही, पण खटला चालला आणि दोषी ठरले. १९६७ च्या अखेरीस ते न्यूयॉर्कला कॉर्नेलच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तिथे त्यांचं जमलं नाही आणि प्रमुखपद गेलं. १९७३ मध्ये आयकर चुकवल्याच्या पाच आरोपांवर ते दोषी ठरले. पन्नास हजार डॉलर दंड आणि सहा महिने समाजसेवा अशी शिक्षा झाली. खाजगी मौजमजेचा खर्च व्यवसायाचा म्हणून दाखवला होता आणि तो तपशील कोर्टात उघडा पडला. जुन्या रेडिएशनमुळे डोळ्यांत मोतीबिंदूही झाले होते. साधारण त्याच काळात त्यांचं ऑपरेशन करणं संपलं. वय पंचावन्नच्या आसपास.

नोबेल मिळालं का?

नाही. १९५५ चा लास्कर पुरस्कार, हा अमेरिकेतला वैद्यकशास्त्रातला मानाचा पुरस्कार, सहकाऱ्यांसह मिळाला.

शेवटच्या वर्षांत काय केलं?

झडपा. १९६० च्या दशकातच त्यांच्या प्रयोगशाळेत दोन पाकळ्यांच्या कृत्रिम झडपेवर काम झालं होतं. ते करणारे सर्जन होते भगवंत कळके. नाव वाचून मराठी वाचकाच्या भुवया उंचावतात. 'कळके-लिलेहाय' झडप काळाच्या थोडी पुढे होती, फारशी वापरली गेली नाही. रक्त गोठू न देणारा, न झिजणारा पदार्थ हाताशी हवा होता. तो पायरोलिटिक कार्बनच्या रूपाने मिळाला, आणि दोन पाकळ्यांचीच सेंट ज्यूड झडप ऑक्टोबर १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात पहिल्यांदा एका रुग्णाला बसवली गेली. १९७९ पासून लिलेहाय ती झडप बनवणाऱ्या कंपनीचे वैद्यकीय संचालक होते. देशोदेशी फिरून सर्जनांना झडप समजावून सांगत. ५ जुलै १९९९ रोजी, ऐंशीव्या वर्षी, ते गेले.

अशी धातू-कार्बनची झडप बसवलेलं कुणी घरात असेल तर तुम्हाला माहीत असेल: रात्री सगळं शांत झालं की शेजारी झोपलेल्यालाही ती ऐकू येते. टिक, टिक. सुरुवातीला झोप उडते, मग त्याचीही सवय होते.